कपाटातल्या तेवीस कॅप्सूल

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख कळेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा आधी देते.

त्या पंचेचाळिशीच्या आहेत, नोकरी करतात. वडील गेल्यानंतर, म्हणजे दोन वर्षांपासून, ७२ वर्षांची आई त्यांच्याकडे राहते. आईला जुना मधुमेह आहे, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळीही आहे. गेल्या वर्षभरात आईचं विसरणं वाढलंय. एकच प्रश्न तासाभरात तीनदा येतो, टीव्हीवर काय चाललंय ते मध्येच सुटतं, एकदा गॅसवरचं भांडं करपेपर्यंत तसंच राहिलं. लांब राहणाऱ्या दादाने स्मरणशक्तीसाठी म्हणून कॅप्सूलच्या बाटल्या पाठवायला सुरुवात केली. त्यात ब्लूबेरी आणि बिलबेरीचा अर्क आहे, सोबत गिंको. दर रविवारी फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "आईच्या कॅप्सूल चालू आहेत ना?" आई "हो, घेते की" म्हणायची. तीन आठवड्यांपूर्वी कपाट आवरताना रुमालात बांधून ठेवलेल्या २३ कॅप्सूल सापडल्या. तेव्हापासून या ताई रोज एक कॅप्सूल उघडून तिची पूड आईच्या सकाळच्या दुधात मिसळतात. आईला हे माहीत नाही, दादालाही नाही.

त्या लिहितात: "मला वाटतंय, या तीन आठवड्यांत आई जरा बरी आहे. पण दूध पुढे करताना माझा हात थरथरतो. हे चुकतंय का? फळांचाच तर अर्क आहे, अपाय काय होणार? आणि मी बंद केलं आणि उद्या आई मलाच विसरली, तर?"

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे मी येणारच आहे, कारण पत्र खरं तर त्याच प्रश्नापायी लिहिलं गेलंय. पण त्याआधी एक काम आजच करायचंय. पूड दुधात घालणं थांबवा आणि आईच्या डॉक्टरांना फोन करा. वॉर्फरिन चालू असताना गिंको असलेली कॅप्सूल रोज पोटात जात होती, ती आता बंद केली आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी) कधी करू, एवढंच विचारा. गिंकोमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या जोडीला तो चालवणं ही जोखीम आहे. हिरड्यांतून रक्त येणं, कुठे आपटल्याचं आठवत नसताना अंगावर काळेनिळे डाग दिसणं, काळ्या रंगाचं शौचास होणं, यांतलं काहीही दिसलं तर फोनवर न थांबता लगेच घेऊन जा. आणि घाबरून वॉर्फरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती गोळी आईला पक्षाघातापासून वाचवते आहे.

मी बरीच वर्षं रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलं. "फळांचाच तर अर्क आहे" हे वाक्य मी तिथे इतक्या वेळा ऐकलंय की त्यामागची माया मला लगेच ओळखू येते. पण शरीराला उगमाशी देणंघेणं नसतं. समोर कोणता रेणू आला आणि तो किती आला, एवढंच त्याला कळतं. शिवाय तुमच्या बाटलीत नुसती फळं नाहीत. गिंको हे एका झाडाच्या पानांचं अर्करूप आहे. बेरीचं नाव मोठ्या अक्षरात आणि गिंको खाली बारीक अक्षरात, अशी मांडणी अशा बाटल्यांवर नेहमीची आहे. म्हणून वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी बाटली असेल, तर समोरचं चित्र बाजूला ठेवून मागचा घटकांचा मजकूर आधी वाचा. 'खास मिश्रण' असं लिहून प्रत्येक घटकाचं वेगवेगळं प्रमाण दिलेलं नसेल, तर ती बाटली वॉर्फरिन, हृदयाची औषधं किंवा अपस्माराच्या झटक्यांवरची (फिट्सवरची) औषधं घेणाऱ्या माणसाच्या हाती मी देणार नाही. ठरवून शस्त्रक्रिया करायची असेल तर अशा गोष्टी साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. पण घरचे लोक त्यांना औषध समजतच नाहीत, म्हणून भूलतज्ज्ञांना सांगायचंही राहून जातं.

आता बेरीविषयी. तुमच्या दादाने हे काही हवेतून आणलेलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हटलंच पाहिजे. १९९९ साली अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाशी संलग्न केंद्रात जेम्स जोसेफ आणि बार्बरा शुकिट-हेल यांच्या गटाने म्हाताऱ्या उंदरांना आठ आठवडे ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी किंवा पालकाचा अर्क असलेलं खाणं दिलं. वयाने आलेली त्यांची मंदता काही अंशी मागे गेली. तिथून या विषयाला गती मिळाली. पुढे २०१२ मध्ये परिचारिकांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून ७० वर्षांवरच्या १६,०१० स्त्रियांची माहिती पुढे आली. त्या काय खातात याची नोंद १९८० पासून ठेवलेली होती. ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी जास्त खाणाऱ्या स्त्रियांच्या बुद्धीची घसरण इतरांपेक्षा सावकाश होती, आणि तो फरक वयाच्या अडीच वर्षांपर्यंतचा असावा असा अंदाज मांडला गेला. जाहिरातींमध्ये "स्मृती अडीच वर्षांनी तरुण" असं जे दिसतं, त्याचं मूळ बहुधा इथे आहे. पण या स्त्रिया फळं खात होत्या, कॅप्सूल नव्हे. त्यातही वर्षानुवर्षं खात होत्या. आणि जी बाई नेमाने बेरी खाते ती बहुधा चालायलाही जाते, धूम्रपान करत नाही, तिच्या हाती चार पैसे जास्त असतात. संशोधक हे सगळं हिशेबात धरतात, तरी पूर्ण धरता येत नाही.

मग प्रत्यक्ष चाचण्या काय सांगतात? २०१० मध्ये विसरभोळेपणाची सुरुवात झालेल्या ९ वृद्धांना बारा आठवडे रोज ब्लूबेरीचा रस दिला गेला, आणि शब्द आठवण्याच्या काही चाचण्यांत ते सुधारले. नऊ माणसं! एवढ्यावरून आशा धरावी, औषध ठरवू नये. २०२३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी ६५ ते ८० वयाच्या ६१ निरोगी लोकांवर नीट आखलेली चाचणी केली. निम्म्यांना रोज २६ ग्रॅम ब्लूबेरीची पूड, निम्म्यांना दिसायला-चवीला तशीच दुसरी पूड. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाची स्मरणाच्या काही चाचण्यांत कामगिरी थोडी बरी निघाली आणि वरचा रक्तदाब साडेतीन अंकांच्या आसपास उतरला. क्रॅनबेरीच्या पुडीवर ६० जणांची अशीच एक चाचणी २०२२ साली झाली, तिच्यातही काही बाबतींत सुधारणा होती आणि काहींत नव्हती. या चाचण्यांना बेरी उत्पादकांच्या संघटनांचा पैसा होता. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण त्यावर घर बांधण्याआधी दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तेच करून दाखवावं असं मला वाटतं.

त्या रक्तदाबाच्या आकड्यावर मी मुद्दाम थांबते. बेरीचा निळा-जांभळा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांना अँथोसायनिन म्हणतात. ती जशीच्या तशी रक्तात फार थोडी उतरतात. आतड्यातले जिवाणू त्यांचं रूपांतर करतात, आणि ती रूपांतरित द्रव्यं रक्तवाहिन्या सैल, लवचीक ठेवायला मदत करत असावीत असा सध्याचा कयास आहे. म्हणजे बेरीचा उपयोग असलाच तर तो बराचसा रक्तवाहिन्यांच्या वाटेने. तुमच्या आईला मधुमेह आहे, ठोके अनियमित आहेत. त्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी सगळ्यात मोलाचं काम रोजच्या ठरलेल्या गोळ्या, आटोक्यातली साखर आणि आटोक्यातला रक्तदाब करतायत. माझ्या मते त्या बाटलीपेक्षा घरातलं रक्तदाब मोजायचं यंत्र जास्त कामाचं आहे.

आणि मात्रेचं गणित पाहा. त्या चाचणीतली २६ ग्रॅम पूड म्हणजे सुमारे १७८ ग्रॅम ताजी फळं, आणि तिच्यात अँथोसायनिन होतं ३०२ मिलिग्रॅम. अर्ध्या ग्रॅमच्या साध्या पुडीच्या कॅप्सूलने ती मात्रा गाठायची तर दिवसाला ५२ कॅप्सूल लागतील. अर्क असेल तर तो घट्ट असतो, कबूल. पण मग लेबलवर अँथोसायनिन नेमकं किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं हवं. नुसतं "अर्क ५०० मिलिग्रॅम" यातून काही कळत नाही. बिलबेरीसारख्या महाग अर्कात स्वस्त रंग मिसळल्याची प्रकरणंही उघडकीला आली आहेत. गडद जांभळी पूड म्हणजे चांगली पूड, असं म्हणूनच धरता येत नाही.

गिंकोचं तर याहून स्पष्ट आहे. ७५ वर्षांवरच्या ३,०६९ लोकांवर सुमारे सहा वर्षं चाललेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत निम्म्यांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको दिला गेला. गिंको घेणाऱ्या १,५४५ जणांपैकी २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, नकली गोळी घेणाऱ्या १,५२४ जणांपैकी २४६ जणांना. एवढी मोठी, एवढी लांब चाचणी या क्षेत्रात क्वचितच होते, आणि तिने काही फायदा दाखवला नाही. तुमच्या बाटलीतला जो घटक आईला खरोखर धोक्याचा आहे, त्याच्याच बाजूने पुरावा सगळ्यात कमी आहे.

"पण मला फरक दिसतोय," असं तुम्ही म्हणता. दिसत असेल. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही, पण तो कॅप्सूलचा आहे का, हे विचारावंसं वाटतं. विसरणं दररोज सारखं नसतं. आज बरं, उद्या धूसर, झोप नीट झाली की पुन्हा बरं. आपण सहसा वाईट दिवसांनंतर उपाय सुरू करतो, त्यामुळे पुढचे दिवस आपोआपच थोडे बरे जातात. दुसरं असं की या तीन आठवड्यांत तुम्ही आईकडे जास्त लक्ष देताय. सकाळी त्यांच्याजवळ बसताय, दूध पूर्ण प्यायल्या का ते बघताय, त्यांच्याशी बोलताय. एक उदाहरण देते. माइंड नावाचा एक आहार २०१५ साली शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस यांच्या गटाने मांडला. त्यात फळांपैकी फक्त बेरींना खास जागा दिलेली आहे, आठवड्यातून किमान दोनदा. पुढे ६०४ लोकांवर तीन वर्षं त्याची चाचणी झाली आणि २०२३ मध्ये निकाल आला. माइंड आहार घेणाऱ्या गटाचे गुण वाढले, आणि नेहमीचंच खाऊन वजन थोडं कमी करायला सांगितलेल्या दुसऱ्या गटाचेही वाढले. दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. दुसरा गट नसता, तर सगळं श्रेय आहाराला मिळालं असतं. तुमच्या घरी दुसरा गट नाही. असूही शकत नाही.

आता त्या २३ कॅप्सूलकडे येऊ या. तुम्ही त्यांच्याकडे पुरावा म्हणून पाहिलंत, आई किती विसरते आणि किती लपवते याचा. मला त्यात दोन वेगळ्या शक्यता दिसतात. एक अशी: आज घेतली की नाही हे आठवेना, म्हणून "राहू दे" म्हणत त्या बाजूला ठेवत गेल्या. तसं असेल तर त्यांच्या ठरलेल्या गोळ्यांचंही हेच होत नाहीये ना, ते आजच मोजून पाहा. वॉर्फरिन चुकणं किंवा दोनदा घेतलं जाणं ही कॅप्सूलपेक्षा शंभरपट गंभीर गोष्ट आहे. वारानुसार कप्पे असलेला गोळ्यांचा डबा आणा, आणि तो भरताना त्यांना सोबत घ्या. दुसरी शक्यता अशी की त्यांनी विचार करून नकार दिला. रोज एक कॅप्सूल हातात घ्यायची, मुलीच्या देखत "घेते" म्हणायचं, मग जपून रुमालात बांधायची आणि कपाटात ठेवायची, यासाठी बऱ्यापैकी ठाम मन लागतं. कदाचित गिळताना घशाशी अडकत असेल. पोटात जळजळत असेल. किंवा ती कॅप्सूल पाहिली की "माझी मुलं मला वेडी समजायला लागली" असं वाटत असेल. नवरा गेलेल्या, स्वतःचं घर सुटलेल्या बाईला रोज सकाळी ती आठवण नको वाटली, तर त्यात नवल काय?

म्हणून विचारता तर, हो, न सांगता दुधात मिसळणं चुकतंय. हात थरथरतो म्हणजे तुम्हाला ते कळलंच आहे. मायेपोटी केलंत यात मला तिळमात्र शंका नाही. पण विसरायला लागल्याने माणसाचा "नको" म्हणायचा हक्क जात नाही. आणि याला एक व्यवहारी बाजूही आहे. स्मृती डळमळीत झालेल्या माणसाच्या मनात संशय लवकर घर करतो. उद्या त्यांना दुधात जांभळा गाळ दिसला, तर त्या फक्त दूध सोडणार नाहीत, तुमच्या हातचं खाणंपिणं सोडू शकतात, आणि मग खऱ्या गरजेची गोळीही तुमच्या हातून घेणार नाहीत. पुढची काही वर्षं तुम्हाला सगळ्यात जास्त लागणार आहे तो त्यांचा तुमच्यावरचा विश्वास.

तेव्हा सांगून टाका. फार मोठं प्रास्ताविक नको. दोघी निवांत असताना, दिवसाच्या ज्या वेळी त्या ताज्या असतात त्या वेळी: "आई, तीन आठवडे मी त्या कॅप्सूलची पूड तुझ्या दुधात घालत होते. मला भीती वाटत होती म्हणून. आता घालत नाही. तू त्या का ठेवून दिल्यास, ते मला सांगशील?" त्या रागावतील कदाचित. रागावू द्या. मग गप्प बसून ऐका. कॅप्सूलबद्दल विचारलं की बहुतेक वेळा उत्तर कॅप्सूलबद्दलचं नसतंच.

इतकं बोलल्यावर आता ज्या गोष्टीने मी तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं ती. चार परिच्छेदांच्या पत्रात कॅप्सूल अकरा वेळा आहे, आणि डॉक्टरांनी आईची स्मृती तपासली का, याचा उल्लेख एकदाही नाही. वर्षभर विसरणं वाढतंय, भांडं करपलंय, आणि तुम्ही तिघं तीन दिशांनी त्याच एका गोष्टीला टाळताय. दादा बाटल्या पाठवतो, तुम्ही पूड मिसळता, आई रुमालात बांधते. याला काय म्हणायचं, हे मोठ्याने विचारायची तिघांनाही धास्ती आहे. बाटलीने ती धास्ती झाकून ठेवली. मला या पूरक गोळ्यांची सर्वांत मोठी हानी हीच वाटते. पोटात काय गेलं ते सोडा, काहीतरी चालू आहे या समाधानात तपासणीचं एक वर्ष गेलं.

आणि तपासणी करायचीच, कारण सगळं विसरणं स्मृतिभ्रंशाचं नसतं. तुमच्या आईच्याच बाबतीत पाहा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असलं की शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, आणि बी-१२ कमी पडलं की विसरणं, गोंधळणं, पायांना मुंग्या असं होतं. आम्लपित्ताची गोळीही रोज असेल तर ती शक्यता आणखी वाढते. साध्या रक्ततपासणीत हे कळतं आणि त्यावर खरा इलाज आहे. थायरॉइड मंदावलं, रक्तातलं सोडियम उतरलं, साखर वरखाली झाली, तरी असंच दिसतं. झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या वयस्कर माणसाला अक्षरशः धुक्यात नेतात. मग दुःख आहे. दोन वर्षांपूर्वी जोडीदार गेला, राहतं घर सुटलं. म्हातारपणीचं नैराश्य बऱ्याचदा रडत नाही, ते विसरतं, उदास बसतं, टीव्हीसमोर असून टीव्ही बघत नाही. आणि एक गोष्ट वॉर्फरिन घेणाऱ्यांसाठी खास: गेल्या काही महिन्यांत त्या कुठे पडल्या, डोकं जरा जरी आपटलं असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. रक्त पातळ असलेल्या माणसात कवटीच्या आत रक्त सावकाश साठत जाऊ शकतं आणि आठवड्यांनंतर ते विसरण्यासारखं दिसू शकतं. विसरणं किंवा गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढला, तर मात्र नेहमीच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायचं.

कान. "एकच प्रश्न तीनदा येतो" हे वाचलं तेव्हा मला माझे वडील आठवले. आम्ही भावंडं शेजारच्या खोलीत हळू आवाजात त्यांच्या स्मृतीची काळजी करायचो, आणि त्यांना खरं तर पहिल्यांदा दिलेलं उत्तरच ऐकू जात नव्हतं. ते पुन्हा विचारायचे, आम्ही एकमेकांकडे बघायचो. श्रवणयंत्र आल्यावर त्यांचं अर्धं 'विसरणं' गेलं. उरलेलं अर्धं खरं होतं आणि पुढे ते वाढलं, पण मधली चार-पाच वर्षं ते गप्पांमध्ये होते. २०२३ मध्ये ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवरच्या एका चाचणीचा निकाल आला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर श्रवणयंत्राने फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीपासून जास्त धोका होता त्या गटात तीन वर्षांतली घसरण ४८ टक्क्यांनी सावकाश झाली. कॅप्सूलच्या वाट्याला असा आकडा आलेला नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी मांडल्या. ऐकू न येणं, उपचार न केलेली कमी दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, एकटेपणा, बैठं जगणं हे सगळं त्या यादीत आहे. जगातल्या साधारण ४५ टक्के स्मृतिभ्रंशामागे या १४ गोष्टींचा हात असावा असं त्यांचं अनुमान आहे.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची छोटी वही करा: काय झालं, कधी झालं, नंतर आठवलं का. नाव अडणं आणि मागाहून आठवणं वेगळं. ओळखीच्या वाटेवर चुकणं, पैशांचा हिशेब न जमणं, नेहमीच्या कामाचा क्रमच सुटणं वेगळं. या वहीत आईची बाजूही आईच्याच शब्दांत लिहा. आणि तिथे गेल्यावर आधी त्यांना बोलू द्या. मुलीने सगळं सांगायचं आणि आईने खुर्चीत बसून ऐकायचं, हे चित्र मी फार पाहिलंय आणि मला ते नेहमीच टोचतं.

दादाला सांगायचंय, तेही रविवारच्या आत. तो लांब आहे, आणि लांबच्या माणसाला पाठवता येईल अशी वस्तू हवी असते. त्याची बाटली नुसती परत करू नका, तिच्या जागी त्याला काम द्या. डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी त्याला फोनवर घ्या. श्रवणचाचणीची आणि चष्म्याची जबाबदारी त्याच्याकडे द्या. आणि रविवारचा फोन त्याने तुम्हाला न करता आईला करावा, कॅप्सूलचं न विचारता जुन्या दिवसांचं विचारावं, अर्धा तास. सांगताना "तुझ्यामुळे आईला धोका झाला" हे वाक्य तोंडी येऊ देऊ नका. त्यालाही माहीत नव्हतं, तुम्हालाही नव्हतं.

आईला बेरी आवडत असतील तर फळ म्हणून जरूर द्या, मूठभर, रस न काढता, कारण रसात साखर उरते आणि चोथा जातो. गोड चघळगोळ्यांच्या रूपातली पूरकं मधुमेहात नकोतच. वॉर्फरिन असताना क्रॅनबेरी रोज मोठ्या प्रमाणात सुरू करायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आयएनआरवर परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत. बेरी मिळत नसतील तर काही बिघडत नाही. आणि ज्या वाचकांना यांतलं कोणतंच औषध चालू नाही, प्रकृती ठीक आहे, आणि नुसती ब्लूबेरीची पूड आवडीने घ्यावीशी वाटते, त्यांना मी अडवणार नाही. घटक स्पष्ट लिहिलेले असू देत, डॉक्टरांना माहीत असू दे, आणि त्या पैशांपायी चष्मा किंवा कानाची तपासणी मागे पडू देऊ नका.

आता तो शेवटचा प्रश्न. "मी बंद केलं आणि आई मलाच विसरली, तर?" तुम्ही आणि ते विसरणं यांच्यामध्ये ती कॅप्सूल उभी नाही. कधीच नव्हती. तपासणीत बी-१२ किंवा कान निघाला तर तो त्या पुडीने बरा होणार नव्हता. आणि स्मृतिभ्रंशच निघाला, तर तो तुम्ही पूड थांबवलीत म्हणून पुढे सरकणार नाही. तुमच्या हाती नसलेल्या गोष्टीचा भार तुम्ही तीन आठवडे रोज सकाळी उचललात, तोही एकटीने, कुणाला न सांगता. तो आता खाली ठेवा. तपासणीत जे काही निघेल ते कळल्यावर आईला स्वतःबद्दल काय हवंय, पैशांचं, घराचं, उपचारांचं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला आज वेळ आहे. आज त्या रुमालाची गाठ बांधू शकतात, "नको" म्हणू शकतात. म्हणूनच मी भेटीची इतकी घाई करते आहे.

भेटीला जाताना नेहमीची औषधं तर न्याच, पण दादाची बाटली आणि ती २३ कॅप्सूलची पुरचुंडीही सोबत घ्या. फेकू नका. नेमकं काय आणि किती पोटात गेलं, याचा हिशेब डॉक्टरांना त्यावरूनच लागेल.